सॅमनचा रॉड, हॅलिबटचा रॉड: माशाचं नव्हे, शिशाचं वजन बघून निवडा

अलास्का किंवा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर गरवायला निघालेला माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: या रॉडवर किती मोठा मासा निघेल? रॉड निवडताना या प्रश्नाचा उपयोग फार कमी. किंग सॅमनचा जागतिक विक्रम ९७ पौंड ४ औंसांचा आहे. लेस अँडरसन यांनी तो मासा १७ मे १९८५ रोजी केनाई नदीत काढला. तळाशी राहणाऱ्या चपट्या हॅलिबटचा विक्रम जॅक ट्रॅगिस यांच्या नावावर आहे, ४५९ पौंड, जून १९९६, डच हार्बर. असे मासे डोळ्यांपुढे ठेवून रॉड घेतला तर रोजच्या माशासाठी तो नुसता दांडका होतो. रोजचा मासा म्हणजे ८ ते १२ पौंडांचा कोहो, ६ ते ८ पौंडांचा सॉकाय, २० पौंडांच्या आसपासचा किंग (तिन्ही सॅमनच्याच जाती) आणि १५ ते ४० पौंडांचा हॅलिबट.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दोरीला दिवसभर काय लटकणार, आणि किती खोलीवर? मासा गळाला असतो तो दहा-पंधरा मिनिटं. बाकीचे सहा-सात तास रॉड शिसं, म्हणजे आमिष खाली नेणारं वजन, पेलत असतो. सॅमनला आमिष नुसतं तरंगत सोडायचं असेल तर २ ते ४ औंस. डायव्हर, म्हणजे पाण्याच्या जोराने आमिष खोल नेणारी चकती, ओढायचा असेल तर शिसं नाही, पण पाण्याची सततची ओढ. हॅलिबटला १ पौंडापासून पुढे, आणि अलास्कातल्या कुक इनलेटच्या भरती-ओहोटीत नांगर टाकून बसलात तर ३-४ पौंडांपर्यंत. २ औंस आणि ३ पौंड यांत चोवीस पटींचा फरक आहे. एकाच काठीने दोन्ही नीट पेलणं शक्य नाही, आणि 'सॅमन-हॅलिबट कॉम्बो' अशी चिठ्ठी लावलेल्या रॉडबद्दल आमची तक्रार हीच आहे.

(तिकडे रॉड, शिसं, दोरी सगळं औंस-पौंडांत मोजतात, म्हणून इथेही तीच मापं. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, १६ औंसांचा १ पौंड.)

मुठीच्या वर छापलेलं वाचा

मुठीच्या जरा वर रॉडवर बारीक अक्षरांत चार गोष्टी छापलेल्या असतात: लांबी, दोरीची ताकद, आमिषाचं किंवा शिशाचं वजन आणि ॲक्शन. बहुतेक जण दोरीचा आकडा वाचून थांबतात. तो आकडा बऱ्याचदा जुन्या नायलॉन दोरीच्या हिशोबाने दिलेला असतो. आज हॅलिबटला सगळे ब्रेडेड (विणलेली) दोरी वापरतात, आणि ८० पौंडी ब्रेड जाडीला साधारण १८-२० पौंडी नायलॉनएवढी भरते. म्हणून '३०-६० पौंड' लिहिलेल्या रॉडवर ८० पौंडी ब्रेड भरली तर लगेच बिघडत काही नाही. फक्त रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटू द्यायची ते ठरवणारा ब्रेक, रॉडच्या बेताने लावायचा, दोरीच्या ताकदीच्या बेताने नाही.

खरा कामाचा आकडा शिशाच्या वजनाचा. '१-४ औंस' लिहिलेल्या रॉडला १६ औंस लटकवलं की शेंडा आधीच पूर्ण लवलेला असतो. मासा चावला तर दिसत नाही, कारण लवायला काही उरलेलंच नसतं. उलट '१६-४० औंस' लिहिलेल्या रॉडला ३ औंस लावलं की शेंडा हलतच नाही. दोन्हीकडे माशाची खबर हुकते.

पॉवर आणि ॲक्शन या दोन शब्दांची गल्लत फार होते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड शेंड्याच्या पावभागातच लवतो आणि खाली ताठ राहतो. मॉडरेट रॉड निम्म्यापर्यंत लवतो, स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत. मीडियम पॉवर, स्लो ॲक्शन आणि मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन हे दोन रॉड दुकानात शेजारी टेकवून ठेवलेले सारखे दिसतात. पाण्यात त्यांची कामं पूर्ण वेगळी.

सॅमन: लवणारी काठी

सॅमनचं तोंड, त्यातही कोहोचं, मऊ असतं. मासा पाण्याबाहेर उडी मारतो, डोकं झटकतो, बोटीकडे वळून सरळ धावत येतो. दोरी एकदम ताणली गेली तर गळ मांस फाडून निघतो. दोरी सैल पडली तर गळ आपसूक गळून पडतो, आणि ब्रिटिश कोलंबियात सॅमनला काटा नसलेला गळच वापरावा लागतो, तेव्हा तर हमखास. ताण वाढला की लवणारा आणि सैल पडला की झटकन सरळ होऊन दोरी ओढून घेणारा रॉड इथे हवा. म्हणून सॅमनचा रॉड लांब असतो आणि खोलवर लवतो.

मूचिंगसाठी, म्हणजे कापलेली हेरिंग मासळी २ ते ४ औंसांच्या शिशाखाली सोडून हळूहळू वर-खाली करण्यासाठी, ब्रिटिश कोलंबियात १० फूट ६ इंचांचा रॉड रूढ आहे. इतकी लांबी हौसेची नाही. तिथे त्यावर एकास एक फिरणारं रीळ लावतात: रिळाच्या मुठीची एक फेरी म्हणजे स्पूलची, दोरी गुंडाळणाऱ्या फिरकीची, एक फेरी, मध्ये गिअर नाही. मासा धावला की मूठ उलटी गरगर फिरते आणि बोटांच्या पेरांवर आपटते, म्हणून त्याला 'नकलबस्टर' म्हणतात. अशा रिळाने सैल दोरी भराभर गुंडाळता येत नाही. ते काम साडेदहा फुटांची काठी करते: रॉड उचलला की एका दमात कितीतरी दोरी वर येते. म्हणजे रॉड आणि रीळ ही जोडी आहे. लांब मूचिंग रॉडवर गिअरचं रीळ चालतं, पण एकास एक रीळ आखूड रॉडवर लावलं तर किंग बोटीकडे धावताना दोरी सैल पडणारच. अलास्का आणि वॉशिंग्टनच्या बाजूला गिअरचं रीळ जास्त चालतं, तिथे साडेआठ ते साडेनऊ फूट पुरतात. दोरीचा आकडा १०-२० पौंड, शिशाचा १-४ किंवा २-६ औंस.

डाउनरिगरची गोष्ट निराळी. १० ते १५ पौंडांचा शिशाचा गोळा स्वतःच्या वेगळ्या तारेवर खाली जातो. आपली दोरी त्याला एका क्लिपमध्ये अडकवलेली असते. रॉडला शिसं पेलायचंच नाही. दोरी क्लिपमध्ये अडकली की रीळ घट्ट करत रॉड अर्धवर्तुळात वाकवून होल्डरमध्ये ठेवतात. मासा आमिष ओढतो, क्लिप सुटते, आणि गोळ्यापासून वरपर्यंतच्या दोरीला पाण्याने दिलेला झोल एका क्षणात भरून काढायचा असतो. स्लो किंवा मॉडरेट रॉड निम्म्याहून जास्त वाकलेला असेल तर सरळ होताना तीन-चार फूट दोरी सहज ओढतो. फास्ट रॉडचा फक्त शेंडा वाकलेला असतो, तो फूटभरच ओढतो. क्लिप सुटली पण मासा लागला नाही, असं वारंवार होत असेल तर आधी गळाची धार बघा, मग रॉड किती वाकवून ठेवला होता ते बघा. डाउनरिगरला महागडा कार्बन रॉड घेणं आम्हाला पटत नाही. साडेआठ ते साडेनऊ फुटांचा, काचतंतूचा, १०-२० किंवा १२-२५ पौंडी, स्लो रॉड उत्तम. तो स्वस्तही असतो.

या रॉडची मूठ मात्र तपासून घ्या. रीळ बसतं तिथून बुडापर्यंतची मूठ ११ ते १४ इंच हवी. त्याहून आखूड असेल तर रीळ होल्डरच्या तोंडावर आदळतं. जास्त लांब असेल तर मासा खेळवताना बूड जाड जॅकेटमध्ये अडकतं. उघड्या कॉर्कच्या मुठीला धातूचा होल्डर एका हंगामात कुरतडतो. फोमची मूठ किंवा कॉर्कवर हीटश्रिंकची (तापवल्यावर आवळून बसणारी) नळी असेल तर टिकते.

डायव्हर वापरणाऱ्यांनी मात्र मूचिंग रॉडच्या मोहात पडू नये. अलास्कात सिवर्डजवळ रिझरेक्शन बेमध्ये ऑगस्टमधल्या कोहोसाठी हेरिंग ट्रोल करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे ओढताना, छोट्या बोटींवर डायव्हरच असतो. तो पाणी कापत खाली जातो आणि रॉड सतत ओढत राहतो. त्यात ११ इंची फ्लॅशर, म्हणजे माशाला खुणावणारी चमकती पट्टी, जोडला तर ओढ आणखी वाढते. इथे साडेआठ-नऊ फुटांचा, १५-३० पौंडी, शेंडा मऊ पण निम्म्यानंतर चांगला कणा असलेला रॉड लागतो.

नदीतल्या सॉकायला यातलं काहीच लागत नाही. जुलैत केनाईच्या काठावर खांद्याला खांदा लावून लोक उभे असतात. पाव ते अर्धा औंस शिसं, काही फुटांचा लीडर (गळाआधीचा दोरीचा तुकडा), एक माशी (पिसा-धाग्यांचा नकली किडा). प्रवाहात टाकायचं, वाहू द्यायचं, उचलून पुन्हा टाकायचं, तासाला शेकडो वेळा. सॉकाय नदीत क्वचितच आमिष खातो. लीडर तोंडातून सरकत जाऊन गळ जबड्यात बसतो. (अंगात बसला तर मासा सोडून द्यावा लागतो, नियमच आहे.) इथे निकष एकच, रॉडचं वजन. साडेआठ-नऊ फुटांचा हलका कार्बन रॉड, १२-२५ पौंडी, नाहीतर ८ किंवा ९ नंबरचा (हा नंबर दोरीच्या वजनाचा) फ्लाय रॉड. इथे कार्बनवर खर्च केलेले पैसे वसूल होतात. संध्याकाळी मनगट ते सांगतं.

नदीतल्या किंगसाठी मोठे प्लग (माशाच्या आकाराची नकली आमिषं) मागे सोडत बोट चालवायचा जड रॉड वेगळा येतो. तो घेण्याआधी अलास्काच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचे आदेश वाचा. केनाईत किंग गरवण्यावर २०२३ आणि २०२४ मध्ये बंदी होती. कपाटात उभा राहणारा रॉड कशाला घ्यायचा?

हॅलिबट: उचलणारी काठी

हॅलिबट तळाशी असतो, १०० ते ३०० फुटांवर, कधी त्याहून खोल. तो उड्या मारत नाही. सपाट अंग पाण्याला आडवं धरून तळाकडे खेचतो, आणि त्याला वर आणणं म्हणजे विहिरीतून दार उचलून काढण्यासारखं आहे. इथे रॉड हा तरफ आहे, आणि तरफेचं गणित लांब रॉडच्या विरोधात जातं.

ढोबळ हिशोब करून बघा. बूड कमरेच्या पट्ट्यात टेकलेलं आहे, पुढचा हात बुडापासून २ फुटांवर आहे, मासा १५ पौंडांच्या जोराने खाली ओढतोय. वाकलेल्या लांब रॉडचा शेंडा बुडापासून आडवा ६ फुटांवर असेल तर पुढच्या हातावर १५ गुणिले ६ भागिले २, म्हणजे ४५ पौंडांचा भार येतो. आखूड रॉडचा शेंडा ४ फुटांवर असेल तर ३० पौंड. मासा तोच, दोरी तीच, हाताला दीडपट फरक. वाकलेला लांब रॉड माशाच्या बाजूने काम करतो. म्हणून हॅलिबटचा रॉड साडेपाच ते साडेसहा फुटांचा. ७ फुटांच्या पुढे जाऊ नका.

दोरीचा आकडा ५०-८० किंवा ५०-१०० पौंड, शिशाचा आकडा ३२ औंसांपर्यंत तरी. ८०-१३० पौंडी रॉडही दुकानात मिळतो आणि विकायला सोपा असतो, पण तो घेऊ नका. ८० पौंडी ब्रेडवर दोरीच्या ताकदीचा पाव भाग धरला तर ड्रॅग २० पौंड होतो, आणि उभं राहून इतका ड्रॅग फार वेळ पेलणारी माणसं थोडी. १२ ते १५ पौंडांच्या ड्रॅगवर काम भागतं. तेवढ्या ओढीला १३० पौंडी रॉड वाकतच नाही, मग सगळे झटके हाताला आणि गळाला बसतात.

शेंडा मात्र जरा मऊ हवा, आणि याकडे फार थोडे लक्ष देतात. मोठा हॅलिबटसुद्धा आमिष आधी हलकेच चघळतो. २०० फूट खालून ते वर कळायचं तर २ पौंड शिसं लटकलेलं असूनही शेंड्यात थोडा लव शिल्लक असायला हवा. १६/० मापाचा गोल गळ वापरणार असाल तर मऊ शेंड्याची गरज दुप्पट होते. त्या गळाला झटका द्यायचा नसतो. मासा आमिष घेऊन वळतो, रॉड हळूहळू लवत जातो, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप फिरून बसतो. मग फक्त रीळ फिरवायचं. शेंडा ताठ असला तर माशाला विरोध लगेच जाणवतो आणि तो आमिष थुंकतो. अशा वेळी दोष आमिषाला दिला जातो.

रोलर कड्यांबद्दल स्पष्ट मत आहे. नायलॉन आणि डॅक्रॉनच्या जमान्यात रोलर उपयोगी होते. बारीक ब्रेड रोलर आणि त्याच्या चौकटीच्या फटीत शिरते, अडकते आणि तुटते. शिवाय खाऱ्या पाण्याने रोलर जाम झाला की दोरी त्यावर घासत जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. चांगल्या सिरॅमिकच्या कड्या, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या किंवा त्याहून कठीण सिलिकॉन कार्बाइडच्या, आज पुरेशा आहेत. रोलरच हवा असेल तर शेंड्याचा एकच, फटी बारीक असलेला, आणि रोज फिरवून बघायचा.

बुडाला गिंबल हवं, म्हणजे अधिक चिन्हासारखी खाच असलेली धातूची टोपी. कमरेच्या पट्ट्यातला आणि होल्डरमधला आडवा खिळा त्या खाचेत बसतो. गिंबल नसेल तर रीळ वरच्या बाजूला असल्यामुळे ताणाखाली सगळा रॉड हातात गर्रकन फिरायला बघतो, आणि निम्मी ताकद तो सरळ ठेवण्यातच जाते. हा दोष काही रॉडमध्ये कड्याच गोल फिरवून काढतात: मुठीजवळची कडी वर आणि शेंड्याकडच्या खाली. दिसायला विचित्र, पण काम चोख. हॅलिबटसाठी मिळाला तर असाच घ्या. रीळ बसवायची जागा ॲल्युमिनियमची आणि दोन नटांची हवी. प्लास्टिकची या ताणाखाली मुरडते आणि रीळ डुलायला लागतं.

शिसं लटकवून बसण्यापेक्षा जिग (गळ जोडलेलं जड धातूचं आमिष) मारायला आवडत असेल तर हिशोब थोडा बदलतो. ८ ते १६ औंसांचा जिग दिवसभर वर-खाली करायचा तर ६ ते साडेसहा फुटांचा हलका, जरा फास्ट, ३०-६० पौंडी रॉड घ्या. इथे झटका द्यायचा असतो, म्हणून ताठपणा चालतो. दक्षिण-पूर्व अलास्कात, सिटका किंवा केचिकनच्या बाजूला, ओढ कमी असलेल्या वेळेत हा रॉड फार सुखाचा. कुक इनलेटवरच्या होमर-निनिलचिकच्या जोरदार ओढीत १२ औंसांचा जिग तळाला टेकतच नाही, तिथे वर सांगितलेला जड रॉडच लागतो. बारीक ब्रेडचा फायदा इथे दिसतो: दोरी जितकी बारीक, तितकं पाणी तिला कमी ओढतं, तितकं शिसं कमी लागतं, आणि रॉडही एक पायरी हलका चालतो.

काच की कार्बन, आणि नावं

काचतंतू जड, मऊ आणि दणकट. कार्बन हलका, ताठ, माशाची खबर लगेच देणारा आणि ठिसूळ. बोटीच्या कठड्यावर आपटून कार्बनला सूक्ष्म भेग गेली तर दिसत नाही. दहा दिवसांनी, मोठा मासा असताना, रॉड तिथेच तुटतो. दोन्हींचं मिश्रण असलेला रॉड हॅलिबटसाठी आम्हाला सर्वांत शहाणा वाटतो.

शेक्सपिअरची अग्ली स्टिक मालिका १९७६ पासून याच मिश्रणावर उभी आहे. त्यातला टायगर किंवा बिगवॉटर हॅलिबटला पुरतो, आणि साधारण १०० डॉलरच्या आत-बाहेर मिळतो. जड आहे, मूठ साधी आहे, पण बोटीवर चार अनोळखी हातांत द्यायचा रॉड म्हणून याच्या आसपास फारसं कुणी नाही. तोच रॉड मूचिंगसाठी हातात धरून बसायला मात्र सुचवणार नाही. तासाभरात वजन जाणवतं.

सॅमनसाठी लॅमिग्लास आणि जी. लूमिस ही नावं पुढे येतात. दोन्हींची नावं वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलँड गावाशी जोडलेली. जी. लूमिस १९९७ पासून शिमानोकडे आहे. लॅमिग्लासची एक्स-११ मालिका मधल्या किमतीत नदी आणि मूचिंग दोन्हींना न्याय देते. जी. लूमिसचे सॅमन रॉड त्याहून महाग आणि वजनाला खरोखर कमी. नदीत उभं राहून दिवसभर फेकणाऱ्याने ते घ्यावेत. होल्डरमध्ये ठेवून डाउनरिगर ओढणाऱ्याचे पैसे त्यात वाया जातात, कारण होल्डरला वजन कळत नाही. एकास एक रिळासाठी ब्रिटिश कोलंबियात आयलँडरचं नाव घेतात. महाग आहे, काम मात्र घड्याळासारखं.

रिळाबद्दल थोडक्यात. ट्रोलिंगला दोरी मोजणारं रीळ घ्या, शिमानो टेकोटा किंवा ओकुमा कोल्डवॉटर. मासा ७० फुटांवर लागला तर दुसरी दोरीही बरोबर ७० वर नेता येते. हॅलिबटला ८० पौंडी ब्रेड ३०० यार्ड मावेल एवढं रीळ. ब्रेडच्या खाली नायलॉनचे काही वेढे नक्की द्या, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी ब्रेड एकदम सरकते आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटत राहतं.

दुकानात काय करून बघायचं

कापसाची काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. एक धागा जरी अडकला तरी सिरॅमिकला भेग आहे, आणि ती ब्रेड कापणार. रॉड डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखा नेम धरा. कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. रीळ सोबत नेऊन बसवून बघा, नट पूर्ण आवळा, मग रीळ हलवा. जराही हललं तर दुसरा रॉड. आणि दुकानदाराची परवानगी घेऊन शेंड्याला शिसं बांधून बघा: हॅलिबटच्या रॉडला २ पौंड, मूचिंगच्या रॉडला ३ औंस. लटकवल्यावर शेंडा वाकला पाहिजे, पण वाकून संपता कामा नये. या एका परीक्षेत निम्मे रॉड बाद होतात. शेंडा छताकडे रोखून हाताने वाकवून बघू नका. त्याने काही कळत नाही आणि रॉड मात्र तुटू शकतो.

रॉड तुटतो कसा

बहुतेक रॉड मोठ्या माशाच्या जोराने तुटत नाहीत, कोनाने तुटतात. मासा बोटीजवळ आला, दोरी चार-पाच फूटच उरली, आणि माणसाने उत्साहाने रॉड डोक्यावर सरळ उभा केला. आता सगळा ताण शेवटच्या दीड फुटात येतो. तिथली नळी सर्वांत बारीक. ती एका बाजूने ताणली जाते, दुसऱ्या बाजूने चेपते, आणि चेपलेली बाजू आधी मोडते. मासा जवळ आला की रॉड खाली ठेवा, आडव्यापासून ४५ अंशांच्या वर नेऊ नका, एक पाऊल मागे सरका. अडकलेला गळ रॉडने ओढून सोडवू नका. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरून, किंवा दोरी लाकडाला गुंडाळून ओढा. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळली तर बोट कापतं.

दुसरं कारण शेंड्याभोवती पडलेला दोरीचा वेढा. हॅलिबटचं शिसं खाली सोडताना दोरी सैल पडली की वारा ती शेंड्याभोवती फिरवतो, आणि त्याच क्षणी मासा ओढला की शेंडा कटकन जातो. तिसरं, स्विव्हल (दोरीचा पीळ काढणारी फिरती कडी) शेंड्याच्या कडीत आपटेपर्यंत रीळ फिरवणं. त्याने सिरॅमिक तडकतं. दोरीवर, स्विव्हलच्या चार फूट वर, रबरी मणी किंवा धाग्याची गाठ ठेवली तर हाताला कळतं आणि थांबता येतं.

एकच घ्यायचा असेल तर

भाड्याच्या चार्टर बोटीवर जाणाऱ्याला हॅलिबटचा रॉड विकत घ्यायची गरजच नाही. तो बोटीवर मिळतो, शिशासकट. स्वतःचे पैसे सॅमनच्या रॉडवर घाला, कारण तिथे हाताची सवय आणि रॉडचा लव यांना जास्त महत्त्व आहे. स्वतःची बोट असेल तर दोन रॉड: ९ फुटी, मॉडरेट, १०-२० पौंडी, आणि ६ फुटी, ५०-८० पौंडी. दोन्ही मध्यम प्रतीचे घेतले तर एका महागड्या रॉडच्या किमतीत बसतात.

एकाच रॉडवर निभवायचंच असेल तर ७ फुटी, २०-५० पौंडी, शिसं १६ औंसांपर्यंत पेलणारा रॉड घ्या. त्यावर डायव्हरने कोहो मिळेल, १०० फुटांच्या आत, ओहोटी-भरतीच्या मधल्या शांत वेळेत, ८ ते १२ औंसांच्या जिगने हॅलिबट मिळेल. मूचिंग जमणार नाही, आणि २५० फुटांवर २ पौंड शिसं लावून बसता येणार नाही.

लहान सीप्लेनने पुढे जायचं असेल तर साडेआठ फुटांचा अखंड रॉड आत मावत नाही. दोन तुकड्यांचा घ्या, किंवा तीन-चार तुकड्यांचा प्रवासी रॉड. सॅमनच्या लांब रॉडला जोड असल्याने फारसा फरक पडत नाही, हॅलिबटचा मात्र जमेल तोवर अखंडच बरा. जोडावर मेणबत्तीचं थोडं मेण चोळा. जोड अडकला तर पिळू नका: दोन्ही हात गुडघ्यांच्या मागे घेऊन रॉड जोडाच्या दोन्ही बाजूंना धरा, आणि गुडघे फाकवत हात सरळ रेषेत दूर न्या. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुताना रिळाचे नट सैल करून त्यांच्या आतलं मीठ काढा, कारण गंज पहिला तिथेच धरतो.